यक्षी, याक्ष की यक्षांचा? काल्पनिक वंशांच्या नावांवरून विशेषणं कशी करायची?

पेनटोपण

मंडळी, एका अद्भुतरम्य कादंबरीचा कच्चा खर्डा चालू आहे. नकाशा झाला, भांडणं ठरली, कोण कोणाला मारणार तेही ठरलं. अडलंय ते विशेषणांपाशी.

माझ्या जगात माणसांखेरीज चार वंश आहेत. यक्ष जंगलात राहतात आणि पाचपाचशे वर्षं जगतात. असुर दर्यावर्दी व्यापारी आहेत, खलनायक अजिबात नाहीत. बुटके खाणीत राहतात आणि लोखंड त्यांच्या हातात मेणासारखं वाकतं. चौथे घुरक, हे पूर्णपणे माझ्या डोक्यातले, डोंगरकपारीत राहणारे लढवय्ये.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं बरं आहे. एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क या वंशांवरून एल्व्हन, ड्वॉर्व्हिश, ऑर्किश म्हटलं की काम झालं. मी मराठीत ‘ई’ लावून बघितला. ‘यक्षी महाल’ लिहिलं तर महाल कुण्या यक्षिणीचा वाटतो. ‘आसुरी जहाज’ म्हटलं की वाचणारा ते बुडायची वाट बघू लागतो. मग ‘ईय’ लावला. यक्षीय, घुरकीय... हे तर एखाद्या खात्याचं परिपत्रक झालं. ‘घुरकीय आक्रमणाबाबत’.

आणि बुटके! नायिकेला एका प्रकरणात ‘बुटकी कुऱ्हाड’ मिळते. मला म्हणायचं होतं खाणीतल्या लोकांनी घडवलेली. खर्डा वाचायला दिला त्या मैत्रिणीने समासात लिहिलंय, ‘दांडा मोडलाय का?’

काहीतरी सुचवा. चारही वंशांना चालेल असा एकच प्रत्यय मिळाला तर सोन्याहून पिवळं.

चकवा

बुटकी कुऱ्हाड, हाहाहा. मेलो.

तरी तुम्ही देशी वंश घेतलेत म्हणून थोडक्यात निभावलं. एल्फ घेतले असते तर ‘एल्फी’ झालं असतं, सेल्फीची धाकटी बहीण. ट्रोलांच्या तर सगळ्याच वस्तू ट्रॉलीत गेल्या असत्या.

जुनीवही

पेनटोपण, तुमचे निम्मे वंश संस्कृतातले आहेत, तर आधी त्या घरात काय आहे ते बघू.

संस्कृतात ही सोय फार जुनी आहे. नामाला तद्धित प्रत्यय (नामावरून नवा शब्द करणारा) लागला की बहुतेक वेळा शब्दातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. अ चा आ, इ आणि ए चा ऐ, उ आणि ओ चा औ. पाणिनीचं सूत्र आहे ७.२.११७, ‘तद्धितेष्वचामादेः’. शिव–शैव, विष्णू–वैष्णव हे आपण रोज वापरतो ते याच वाटेने आलेत.

तुम्हाला हवी असलेली यादी तर तयारच आहे, फक्त अनपेक्षित जागी. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे आठ प्रकार दिलेत: ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. यातली पाच नावं निव्वळ मानवेतर वंशांवरून केलेली विशेषणं आहेत. देव–दैव, असुर–आसुर, गंधर्व–गांधर्व, पिशाच–पैशाच. राक्षस मात्र जसाच्या तसा राहिला, कारण मूळ शब्द ‘रक्षस्’. राक्षस हे त्याचंच वृद्धी झालेलं रूप. म्हणजे आपण ज्याला वंशाचं नाव समजतो ते आधीच साधित रूप आहे! दानवाचं तसंच, तो दनूचा. दैत्य दितीचा. आणि मानव मनूचा, म्हणजे आपणही त्याच रांगेत.

तेव्हा यक्षाचं ‘याक्ष’. याक्ष महाल, याक्ष संगीत. व्याकरणदृष्ट्या नाव ठेवायला जागा नाही. परकी नावंसुद्धा चालतील. चकव्याच्या एल्फांचं ‘ऐल्फ’ होईल, ऑर्कांचं ‘और्क’. इला–ऐल या जोडीच्या शेजारी ठेवून बघा, परकं वाटत नाही.

खडू

जुनीवहीताई, माहिती वाचनखूण करून ठेवण्याजोगी. पण ‘याक्ष महाल’ वाचताना मला लांब केसांचा याक दिसतो आणि तो काही केल्या जात नाही.

दुसरं, ही रूपं मराठीत आली तेव्हा त्यांचे अर्थ सरकले. ‘दैव’ म्हणजे आपल्याला नशीब. ‘दैव तलवार’ असं कोणी लिहिलं तर आम्ही मधला शब्द छपाईत गळला असं समजू. म्हणून मराठीने त्यावर आणखी एक ‘ई’ चढवून दैवी, आसुरी, राक्षसी अशी रूपं केली. आणि पिशाचांचं तर विचारूच नका. गुणाढ्याने बृहत्कथा पैशाची भाषेत रचली अशी परंपरा आहे. हे वाक्य मी शाळेत पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की गुणाढ्य सावकार असावा.

चकवा

पैशाची भाषा सगळ्यांनाच कळते हो. तीत रचलेली बृहत्कथा हरवली म्हणतात, व्याजात गेली असणार.

मूकवाचक

एरवी फक्त वाचतो, पण इथे राहवलं नाही. मुळात विशेषण हवंच कशाला?

मराठीची षष्ठी हीच विशेषणासारखी चालते. यक्षांचा महाल, यक्षांची वीणा, यक्षांचे घोडे. लिंग, वचन सगळं पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, अगदी ‘काळा-काळी-काळे’सारखं. ‘चा’ हा मराठीचा खरा सर्वकामी प्रत्यय आहे, आणि तो कुठल्याही नावाला लागतो, तुमच्या घुरकांनाही. जिथे षष्ठी लांबते तिथे समास. भूतबंगला, परीकथा, वानरसेना, नागकन्या. यातल्या एकाही शब्दासाठी कुणी ‘भौत’ किंवा ‘परीय’ करत बसलं नाही.

आणखी एक. ‘एल्व्हन’ हा एकच शब्द किती कामं करतो ते पाहा. एल्फांनी बांधलेला, एल्फांच्या मालकीचा, एल्फांसारखा दिसणारा, एल्फ रक्ताचा. मराठीत ही कामं आपण वाटून देतो: यक्षनिर्मित पूल, यक्षांचं अरण्य, यक्षासारखा चेहरा, यक्षवंशी राणी. उलट आपलंच जास्त नेमकं आहे. जो पूल यक्षांनी बांधला पण आता असुरांच्या ताब्यात आहे, त्याला इंग्रजीत काय म्हणाल? आपल्याकडे ‘असुरांचा यक्षनिर्मित पूल’. एका ओळीत निम्मा इतिहास सांगून झाला.

पेनटोपण

मूकवाचक, पूल तर मी उचललाच म्हणून समजा.

पण नुसत्या ‘चा’वर भागत नाही हो. माझ्या खर्ड्यातलं एक खरंखुरं वाक्य देतो: ‘असुरांच्या जहाजांच्या शिडांच्या दोऱ्यांच्या गाठी तिला सोडवता येईनात.’ वाचून मलाच धाप लागली. दुसरी अडचण अशी की ‘यक्षांचा’ म्हटलं की मालकी येते. एका माणूस गवंड्याने यक्षांच्या पद्धतीची कमान बांधली आहे. ती यक्षांची नाही, यक्षनिर्मित नाही, यक्षासारखीही नाही, कारण यक्ष काही कमानीसारखे दिसत नाहीत. तिथे मला विशेषणच लागणार.

मूकवाचक

गाठींचं दुखणं ‘चा’चं नाही, वाक्याचं आहे. ‘असुरी जहाजांच्या शिडांच्या दोऱ्यांच्या गाठी’ केलंत तर एक ‘च्या’ गेला, तीन उरलेच. ‘शिडाची दोरी असुर खलाशी बांधतात तशी बांधली होती, ती गाठ काही तिला सुटेना’ असं करून बघा. असुर कर्ता झाले की विशेषण लागतंच कशाला.

कमानीचं मान्य. तिला ‘यक्षधाटणीची’ म्हणता येईल, पण तुमची बाजूही पटते.

काजळी

इथे सगळे व्याकरण बघताहेत, पण पेनटोपणचा खरा घोळ दुसऱ्याच परिच्छेदात आहे: ‘असुर खलनायक अजिबात नाहीत.’ मग तयार विशेषणं विसरा.

मराठीत आसुरी म्हटलं की पुढे ‘आनंद’ येतो. राक्षसी म्हटलं की ‘महत्त्वाकांक्षा’ किंवा ‘बहुमत’. हे शब्द आता वंश सांगत नाहीत, निवाडा सांगतात. गंमत म्हणजे माणसाचा नकारसुद्धा त्याच कामाला लागलाय: ‘अमानुष’ म्हणजे माणूस नसलेला नव्हे, क्रूर. आता कल्पना करा, तुमचा असुर व्यापारी आपल्या मुलीला कौतुकाने सांगतोय, ‘ही आपली आसुरी कलाकुसर आहे.’ कुठला बाप स्वतःच्या परंपरेला असं म्हणेल?

म्हणून माझं म्हणणं, वृद्धी करूच नका. साधा ‘असुरी’ ठेवा. जपान–जपानी, अरब–अरबी, तसं असुर–असुरी. असुरी जहाज, असुरी नकाशा, असुरी गाठ. आणि ‘आसुरी’ हा शब्द राखून ठेवा शत्रूच्या तोंडी. माणसांच्या सेनापतीने ‘आसुरी कावा’ म्हणावं आणि व्यापाऱ्याने ‘असुरी गलबत’. एका मात्रेत कोण बोलतंय ते कळेल.

इंग्रजी अद्भुतकथाकार टॉल्किननी हेच केलं होतं. इंग्रजीत ‘ड्वॉर्फिश’ म्हणजे खुरटलेलं असा अर्थ आधीच मुरलेला होता. १९३७ साली आलेल्या ‘द हॉबिट’मध्ये त्यांनी आपल्या वंशासाठी ‘ड्वॉर्व्ज’ आणि ‘ड्वॉर्व्हिश’ ही वेगळी रूपं वापरली. फरक एका व्यंजनाचा, पण तेवढ्याने खुजेपणा गळून पडला. तुमच्या बुटक्या कुऱ्हाडीचा आणि त्यांचा आजार एकच.

खडू

कल्पना झकास, पण व्यवहारात टिकणार नाही. मी मुद्रितशोधन करतो. ‘असुरी’ समोर आलं की हात आपोआप चालतो आणि त्याचं ‘आसुरी’ होतं. तुमची एका मात्रेची नजाकत पहिल्या खेपेलाच गारद.

काजळी

टॉल्किनच्या बाबतीतही झालं की! ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५३ मध्ये छापायला घेतलं तेव्हा छापखान्यातल्या लोकांनी ‘ड्वॉर्व्ज’चं ‘ड्वॉर्फ्स’ करून टाकलं आणि ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’. एल्फिन म्हणजे नाजूक, परीकथेतलं, फुलावर बसणारं. त्यांचे एल्फ लढाया करणारे होते, कसं चालेल? ते हट्टाने मूळ रूपावर आले. मुद्रितशोधकांपासून जपायचं तर सुरुवातीलाच एक यादी जोडून द्यायची, ‘ही रूपं मुद्दाम आहेत, हात लावू नये.’

खडू

यादी दिली तर हात बांधलेले. 🙂 पण ती ठळक टाईपात द्या.

अर्धविराम

उशिरा आलो. पेनटोपणना ‘एकच प्रत्यय’ हवाय, यावरच माझा आक्षेप आहे. खऱ्या जगात तसं कुठे असतं? आपण म्हणतो जपानी, पण फ्रेंच. रशियन, पण चिनी. अमेरिकी आणि अमेरिकन दोन्ही. इटलीचं ‘इटलीई’ करता येत नाही म्हणून ‘इटालियन’ आयतं उचललं. पुण्याचं पुणेरी झालं, मधला ‘र’ कुठून आला ते विचारायचं नाही.

कारण प्रत्येक नाव वेगळ्या दारातून येतं. जुन्या मराठी कागदपत्रांत डच लोकांना ‘वलंदेज’ म्हटलंय. ते स्वतःला वलंदेज म्हणत नव्हते. पोर्तुगीज त्यांना हॉलंडचे म्हणून जे म्हणत त्याचा तो मराठी उच्चार. म्हणजे नुसत्या विशेषणावरून कळतं की त्यांची ओळख आपल्याला कोणामार्फत झाली.

हे सोनं आहे, कादंबरीत वापरा. तुमच्या माणसांना डोंगरातले घुरक कसे माहीत झाले? व्यापारी असुरांकडून? मग माणसांच्या भाषेत घुरकांचं नाव असुरांच्या उच्चाराचं येईल. यक्ष शेजारी असतील तर त्यांचं रूप घासून घासून गुळगुळीत झालेलं असेल. सगळ्यांना एकच प्रत्यय लावलात तर चारही वंश एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे वाटतील.

पेनटोपण

हे आवडलं. नकाशा काढताना इतका विचार केला, पण कोणाची ओळख कोणी करून दिली हे डोक्यातच आलं नव्हतं. घुरकांची ओळख असुरांमार्फतच, अगदी बरोबर. मीठ असुर नेतात वर.

‘घुरक’ हे मी ‘घुरकणे’वरून केलं होतं. आता प्रश्न असा की ते स्वतःला थोडेच ‘गुरगुरणारे’ म्हणवून घेतील?

जुनीवही

नाहीच. त्यांना स्वतःचं नाव द्या, आणि देताना शेवटचा स्वर विचारपूर्वक निवडा, कारण विशेषण त्यावर ठरतं.

उकारान्त नावं सगळ्यांत रुबाबदार. शेवटच्या उ चा ‘अव’ होतो आणि पहिल्या स्वराची वृद्धी: कुरू–कौरव, यदू–यादव, रघू–राघव, पुरू–पौरव. समजा घुरक स्वतःला ‘ओनू’च्या कुळातले समजतात. विशेषण झालं ‘औनव’. औनव भाला, औनव शपथ. शब्द पूर्ण नवा, पण कानाला ओळखीचा, कारण साचा ओळखीचा आहे.

वंश एखाद्या आईवरून ओळखला जात असेल तर ‘एय’ लावा. कुंती–कौंतेय, विनता–वैनतेय, राधा–राधेय. नागांना ‘काद्रवेय’ म्हणतात ते कद्रूची मुलं म्हणून, म्हणजे एका अख्ख्या मानवेतर वंशाचं हे आईकडून आलेलं नाव. आकारान्त-ईकारान्त स्त्रीनामांपाशी ‘ई’ प्रत्यय अडखळतो, तिथे ही वाट मोकळी असते.

आणि भाषा-लिपीसाठी एक जुनी गंमत. पाणिनीच्या एका सूत्रात इंद्राणी, भवानी अशा रूपांबरोबर यवन (म्हणजे ग्रीक) शब्दही आहे. त्यावर कात्यायनाचं वार्तिक (सूत्राला जोडलेली टीप), ‘यवनाल्लिप्याम्’: ‘यवनानी’ म्हणजे यवनाची बायको नव्हे, यवनांची लिपी. परक्यांच्या लिपीसाठी वेगळं रूप लागतंय हे व्याकरणकारांनी तेव्हाच टिपून ठेवलं! तुमच्या वंशांच्या लिप्या असतील तर असुरानी, यक्षानी अशी रूपं कशी वाटतात?

चकवा

यक्षानी लिपी लिहिली... कोणी? यक्षानी. अनुस्वार चढला तर तृतीया होते, सांभाळा.

अवांतर: शिवी म्हणून विशेषण हवं असेल तर ‘कट’ प्रत्यय विसरू नका. पोरकट, मळकट, मातकट. सारखेपणा आणि नाक मुरडणं, एकात दोन. यक्ष राणी भर दरबारात ‘काय हा असुरकट पोशाख’ म्हणाली की युद्ध पेटलंच. फक्त ऑर्क घेऊ नका. ‘ऑर्कट’ म्हटलं की आमच्या पिढीला जुनं संकेतस्थळ आठवून गहिवर येतो.

पेनटोपण

असुरकट! घेतला. दरबाराचा प्रसंग आहेच, तिथे चपखल बसेल.

बुटक्यांचं मात्र कोणी सांगेना.

जुनीवही

बुटका हे मुळातच विशेषण आहे, त्याच्यावरून आणखी विशेषण कसं करणार? नाम बदला. कुबेराच्या खजिन्याची राखण करणारे गुह्यक चालतील का? जमिनीखाली धन, राखण, सगळं जुळतं. ‘गुह्यकी कुऱ्हाड’.

खडू

गुह्यरोगांच्या जाहिराती आठवतील ताई, नको.

जुनीवही

😀 मग ‘खनक’. खणणारा तो खनक. लाक्षागृहातून पांडवांना सोडवायला विदुराने पाठवला होता तो खनकच, भुयार खणणारा. कुणी कोणाला उंचीवरून ओळखायचं कारण नाही, कामावरून ओळखावं.

काजळी

खनकी कुऱ्हाड. खनकी हातोडा. ‘ई’ इथे निमूट बसतो, कारण ‘खनकी’चा दुसरा अर्थ आड येत नाही. यक्षी नाव आधीच एका स्त्रीने अडवून ठेवलंय (दीदारगंजची यक्षी, ती प्रसिद्ध प्राचीन मूर्ती, डोळ्यांसमोर उभी राहते), खनकीला तशी कोणी वाली नाही. वर ‘बुटके’ हा शब्द उंच लोकांच्या टोमण्यासाठी मोकळा राहिला.

पेनटोपण

तर सध्या असं ठरवतोय. खोड काढा.

असुर: स्वतःसाठी ‘असुरी’, शत्रूच्या तोंडी ‘आसुरी’, यक्ष राणीच्या तोंडी ‘असुरकट’. खडूंसाठी ठळक टाईपातली यादी.

खनक: ‘खनकी’, सगळीकडे.

घुरक: माणसं आणि असुर म्हणणार घुरकी, ते स्वतः म्हणणार औनव. नायिका पहिल्या भागात ‘घुरकी टोळी’ म्हणते आणि शेवटच्या भागात ‘औनव टोळी’. कोणी काही समजावून सांगणार नाही.

यक्ष: याक्ष नाही, यक्षी नाही. यक्षवीणा, यक्षबोली, यक्षनिर्मित पूल, बाकी सरळ ‘यक्षांचा’. त्या एका कमानीसाठी ‘यक्षधाटणीची’ हेच बरं. इतकी वर्षं जगणाऱ्यांना विशेषणाची घाई नसावी.

एक परिच्छेद नव्याने लिहून बघितला:

‘पूल यक्षनिर्मित होता, पण कठड्यावर असुरी दिवे टांगलेले. तिने खनकी कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. पलीकडे घुरकी शिंग वाजलं आणि तांडेलाने कपाळाला आठी घातली. “तुम्ही त्याला घुरकी म्हणता,” तो म्हणाला, “त्यांच्यासमोर म्हणू नका.”’

मूकवाचक

वाचायला आता धाप लागत नाही. फक्त ‘असुरी दिवे’ म्हणजे असुरांनी बनवलेले की असुरांच्या मालकीचे? पूल त्यांच्या ताब्यात असेल तर ‘असुरांचे दिवे’ जास्त बरं. तिथे ताबाच दाखवायचाय.

पेनटोपण

बरोबर, बदलतो. दिवे खनकांनीच घडवले असणार.

चकवा

आई खनक आणि बाप यक्ष असेल तर?

जुनीवही

बापावरून सांगायचं तर यक्षवंशी, आईवरून खानकेय. कोणतं वापरायचं ते त्या पोराला विचारा, पेनटोपणना नव्हे.

पेनटोपण

असा पोरगा आहे माझ्याकडे. तिसऱ्या प्रकरणात मरतो.

चकवा

मग वाचवा आता. इतकं चांगलं विशेषण वाया घालवू नका.